पान बोलून टाका

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर पत्त्यांचा नवा कॅट होता आणि हातात गोधडी शिवायची जाड सुई. इस्पिक, बदाम आणि चौकट टोचून झाले होते, किलवर तेवढे राहिले होते. सकाळची वेळ, धाराशिवच्या आमच्या घराच्या गॅलरीत ऊन आलेलं. धाकट्या दिरांचा नंबर बघून मला वाटलं, अप्पांनीच लावायला सांगितला असणार, ‘पोरी, कॅट झाला का?’ विचारायला. दिवसाआड हाच प्रश्न. म्हणून फोन उचलल्या उचलल्या मीच म्हटलं, “सांगा त्यांना, शनिवारी घेऊन येते म्हणावं. एवढी काय घाई लागलीय?” पलीकडून दीर म्हणाले, “वहिनी, अप्पा गेले. चहा पिऊन बाजेवर आडवे झाले, ते उठलेच न्हाईत.” मी सुई आधी डबीत ठेवली. कुणाच्या पायात जायला नको म्हणून. त्या वेळी एवढं भान कसं राहिलं, देव जाणे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. बेंबळीला बरी शेती, घरात माणसांचा राबता, आणि आवाज असा की त्यांनी बांधावरून हाक मारली की घरात चहाचं आधण ठेवायचं. पण गावात त्यांची ओळख मेंढीकोट खेळणारा अप्पा अशीच होती. शेवटची कित्येक वर्षं त्यांना दिसत नव्हतं. अजिबात नाही, उजेड-अंधारसुद्धा कळत नव्हता. आणि तरी ते पत्ते खेळायचे. खेळायचे म्हणजे कुणी हाताला धरून खेळवायचं, असलं काही नाही. चांगले जिंकायचे! हे मी माझ्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं बघितलंय, तरी आज सांगायला बसले की माझं मलाच खरं वाटत नाही.

ज्यांना मेंढीकोट माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. चौघांचा डाव, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी, म्हणजे दहाच्या पानांसाठी. चारही दश्श्या एकाच जोडीनं ओढल्या की समोरच्यांवर मेंढीकोट चढला. बेंबळीत हा डाव बसायचा पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर, उन्हं कलली की. अप्पांचे भिडू इस्माईलचाचा, गावातले शिंपी. विरुद्ध बाजूला नारायणतात्या आणि त्यांचे भिडू गिरणीवाले बाबूराव. पैशाचा संबंध नाही. हरलेल्या जोडीनं ओटा झाडायचा, एवढंच. आता गिरणीचा ओटा म्हटल्यावर पिठाचा थर हा आलाच, त्यामुळं हरलेले दोघं धोतरापासून भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी यायचे आणि सगळ्या गल्लीला निकाल कळायचा. त्या ओट्यावर अप्पांचा कायदा कडक. भिडूला खुणावायचं नाही, खाकरायचं नाही, पान हातात घोळवायचं नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं डावात दोनदा कान खाजवला. अप्पांनी ओळखलं, कान म्हणजे किलवर. पानं खाली ठेवली आणि म्हणाले, “उठा पाव्हणं.” झालं! माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, अख्खी दिवाळी नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भाऊबीजेचा भाऊ ओट्यावरून उठवला म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

मी मात्र या सगळ्यापासून चार हात लांब होते. माझं माहेर नळदुर्ग. हायवेच्या कडेला ढाबे, ट्रक लागलेले, आणि झाडाखाली ड्रायव्हर लोकांचे पत्त्यांचे फड. आमच्या बाबांना पत्त्यांचा असा तिटकारा की रस्त्यात पडलेलं पान पायानं जरी सरकवलं तरी म्हणायचे, आधी पाय धुऊन ये. लग्न होऊन बेंबळीला आले तेव्हा बदाम आणि इस्पिक यांतला फरक मला माहीत नव्हता. दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेले की मी पदर ओढून ओट्याकडं पाठ करून उभी राहायची. माझ्या सासऱ्यांना लोक नावाजतात कशासाठी, तर पत्त्यांसाठी! मला मेलीला लाजच वाटायची.

मग अप्पांचे डोळे गेले. काचबिंदू होता, आणि तो कळला तेव्हा बराच उशीर झालेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे तीसुद्धा फार टिकणार नाही. तसंच झालं. शेत दिरांनी सांभाळलं, घर आम्ही सांभाळलं, पण चारच्या सुमाराला अप्पांची जी घालमेल व्हायची ती कुणाला सांभाळता आली नाही. ओसरीच्या कडेला बसून पायांनी चप्पल शोधायचे. सापडली की घालून बसायचे, परत काढायचे. एक दिवस इस्माईलचाचा येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेले, म्हणाले, “चल रे, नुसता बसून ऐक.” अप्पा गेले आणि थोड्याच वेळात परत आले. आत्याबाईंनी विचारलं, काय झालं? “काय हुनार? ऐकायला म्या काय कीर्तनाला गेलतो?” असं म्हणून त्यांनी काठी कोपऱ्यात भिरकावली. समद्यांनी लई माया केली म्हणे. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीला टेकायला पोतं दिलं. आणि त्यांच्या जागेवर दुसराच माणूस बसला होता.

त्यानंतर आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. जेवण कमी झालं. आत्याबाई मला म्हणाल्या, “ह्यो माणूस असा बसून बसून जाईल गं.” आणि एका दुपारी अप्पांनी मला हाक मारली. “पोरी, फळीवर माझा कॅट हाय. घिऊन ये आन माझ्याफुडं बस.” मी म्हटलं, “अप्पा, मला पत्ते येत नाहीत.” तर म्हणतात, “मला दिसत न्हाय, तुला येत न्हाय. आपली जोडी बरी जमंल!” त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पत्ता हातात धरला. ते विचारायचे, काय दिसतंय? मी सांगायची, काळं आहे, उलटा बदाम, खाली दांडी. “इस्पिक.” तीन गोळे एकमेकांना चिकटलेले. “किलवर.” अशी एकेक करत त्यांनी मला सगळी पानं ओळखायला शिकवली, आणि मी सांगेन तसं ती त्यांच्या डोळ्यांपुढं पुन्हा उभी राहत गेली. मध्येच म्हणाले, “बदाम राजाला मिशी न्हाय, बघ.” मी चारही राजे काढून बघितले. खरंच की! बाकी तिघांना मिशा, याला नाही. “आन चौकट राजाला एकच डोळा.” तेही खरं. आम्हा डोळसांना कधी दिसलं नव्हतं ते या माणसाला आठवून सांगता येत होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते हसले, म्हणाले, “त्या राजाचं एका डोळ्यावर भागतंय, तर माझं बिनडोळ्याचं का भागू नये?”

आधी गुलामचोर शिकवला, मग झब्बू, मग बदाम सात. बदाम सातच्या डावाला आत्याबाई कुरकुरत येऊन बसल्या आणि पहिल्याच डावात आम्हाला हरवून गेल्या. इतकी वर्षं चुलीपुढून नुसतं ऐकून शिकल्या होत्या म्हणे. या खेळांमध्ये अप्पांची पानं मीच त्यांच्या कानात सांगायची. पण मेंढीकोटाला हे चालणार नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून पानं ऐकायची म्हणजे ती आपली राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सुई आली. कल्पना त्यांचीच. पानाच्या मागून टोचायचं म्हणजे पुढून बारीक उंचवटा येतो. वरच्या कोपऱ्यात रंग, त्याखाली कडेनं आकडा. पाचाच्या वर गेलं की पाचासाठी एक जाड टोचा आणि वरचे बारीक. राजा-राणी-गुलामांना आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन, दोन, एक टिपका. पान उलटं हातात आलं तरी कळावं म्हणून खालच्या कोपऱ्यातही तेच. मी बसून अख्खा कॅट टोचला. मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात दिला. त्यांनी पानावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं… आणि पान मांडीवर ठेवून दिलं. जन्मभर नांगर धरलेली बोटं ती, त्या कातड्याला बाभळीचा काटा रुतला तरी कळायचा नाही, तिथं सुईचे टिपके काय लागणार? आत्याबाईंनी गरम पाण्यात हात भिजवून बघितले, एरंडेल चोळलं, दगडानं घासून बघितलं. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसांत मला त्यांच्यासमोर जायची भीती वाटायची.

आणि एक दिवस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, अप्पा नुसतेच एक पान घेऊन बसले होते. विचार करताना पानाची कड ओठांवर टेकवायची ही त्यांची जुनी सवय. तसंच टेकवत होते. मी समोर शेंगा फोडत बसले होते. एकदम त्यांचा हात थांबला. “पोरी… गप बस जरा.” मी तशी गप्पच होते. त्यांनी पान खालच्या ओठावरून हळूच सरकवलं, मिशीखालून, परत मागं आणलं. “इस्पिक… पंजी.” मी बघितलं. इस्पिक पंजी! ओच्यातल्या शेंगा तिथंच सांडल्या. मी दुसरं पान दिलं. “चौकट राणी.” तिसरं, चौथं… बोटांना जे कळत नव्हतं ते ओठांनी वाचलं होतं. आत्याबाई आतून धावत आल्या आणि दारात उभ्या राहून पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. अप्पा म्हणाले, “रडतीस काय? च्या टाक.”

मग सुरू झाला खरा अभ्यास. मी आणि ते, दोघांचाच मेंढीकोट. मी पान टाकताना नाव बोलायचं, त्यांनी ऐकायचं आणि ध्यानात ठेवायचं. पानं हातात आली की एकेक ओठाला लावून बघायची, क्रमानं लावायची, आणि एकदा लावली की पुन्हा बघायची नाहीत. मला ते सारखे सांगायचे की पडलेलं पान मोज, न पडलेलं आपोआप कळतं. मला काही ते आपोआप कळायचं नाही. एका डावात त्यांनी एक्का टाकला, माझ्याकडं त्या रंगाचं पान नव्हतं आणि हुकमाची दुर्री होती. नियमानं ती मारायची आणि हात ओढायचा. पण मी नाही मारली, भलतंच फालतू पान टाकलं. सासऱ्यांच्या एक्क्यावर सुनेनं दुर्री मारायची? मला ते जमेचना. डाव संपला तसे अप्पा म्हणाले, “हुकमाची दुर्री तुझ्याजवळ हुती. मारली का न्हाईस?” मी म्हटलं, “अप्पा, तुमचा एक्का होता…” एवढं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पानं सतरंजीवर आपटली. “मान द्यायचा तर ताटात दे, पाया पडताना दे. हितं मान दिलास की मला आंधळा म्हणल्यावानी हुतंय. म्या हरलो तर हरू दे की गं! हरायला तरी मिळू दे मला.” त्यानंतर मी त्यांच्या एक्क्यावर हुकूम मारताना कधी मागंपुढं पाहिलं नाही, आणि मारला की ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, “आस्सं!”

त्यांची तयारी झाली तशी मी दळणाचा डबा एका हातात आणि अप्पांचा हात दुसऱ्या हातात धरून गिरणीवर गेले. खिशात टोचलेला कॅट. इस्माईलचाचांनी उठून मिठीच मारली. बाबूरावांनी पट्टा थांबवला. अप्पांनी पानं सुईनं टोचल्याची गंमत सांगितली, एक-दोन पानं ओठाला लावून ओळखून दाखवली. बायका डबे ठेवून बघायला लागल्या, “अगं बाई, अप्पा पत्त्याचा मुका घेतात!” म्हणून खिदळल्या. आणि नारायणतात्या, हाडं तेवढी उरलेला, कपाळावर कायम आठी घेऊन बसणारा माणूस, म्हणाले, “म्हंजे खुणंचे पत्ते.” तात्या तिथंच थांबले नाहीत. “अप्पा, तू पिसायला घेतलास की तुला समदी पानं कळणार. वाटताना कुणाला काय गेलं, ते बी कळणार. कान खाजवला म्हणून तू मेव्हणा उठवलास. आन आता खुणंच्या कॅटनं खेळू म्हणतोस?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका आंधळ्या म्हाताऱ्याला असं बोलवतं तरी कसं? इस्माईलचाचा म्हणाले, “कायकू रे तात्या, खेळू दे ना त्याला.” पण अप्पांनी हात वर केला. “तात्याचं बरोबर हाय,” एवढंच म्हणाले आणि माझा हात शोधला. दळण तसंच टाकून आम्ही घरी आलो.

रस्ताभर मी तात्यांना लाखोली वाहत होते. घर आलं तसं माझ्या लक्षात आलं, अप्पांचा चेहरा पडलेला नाही. उलट कितीतरी दिवसांनी तो जागा झालेला दिसत होता. ओसरीवर बसले आणि म्हणाले, “तात्या भांडला माझ्याशी. बघितलंस न्हवं? आंधळ्याशी कोण भांडतं? समदी चुचकारत्यात. तात्या भांडला!” मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. पुढचे काही दिवस ते यावरच विचार करत होते, जेवताना, अंघोळ करताना. मग एका दुपारी स्वतःच चपला घालून उभे राहिले. “चल, राहिलेलं दळण आणू.”

ओट्यावर गेल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “म्या पिसणार न्हाय, काटणार न्हाय, वाटणार न्हाय, जिंकलेला हात उचलणार न्हाय. वाटताना माझं हात मांडीखाली. माझी तेरा पानं आली की तेवढ्यालाच शिवंन. आन तुमी एवढंच करायचं, पान बोलून टाकायचं. तात्या, चालंल?” तात्यांनी कपाळावरची आठी बोटानं चोळली. मग म्हणाले, “आन हरलास तर?” “वटा झाडीन.” “मग बस.” झालं. एवढंच बोलणं. इस्माईलचाचांनी डोळे पुसले आणि अप्पा आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसले, हात मांडीखाली घालून, शाळेतल्या शहाण्या पोरासारखे. त्या दिवशी अप्पांची जोडी सपाटून हरली. चाचा म्हणाले, “तू नक्को, मैं झाडता.” अप्पांनी त्यांच्या हातातला केरसुणीचा बुडखा चाचपून ओढून घेतला. गुडघ्यावर बसून, हातानं कड शोधत शोधत तो ओटा झाडला. पीठ उडून मिशा पांढऱ्या झाल्या. कुणी मदत केली नाही, आणि त्यांनी मागितली नाही. घरी येताना माझा हात धरून चालत होते, पण अंगावरचं पीठ झटकू देईनात. गल्लीला कळू दे म्हणाले.

मला एकच गोष्ट खुपत होती. सुईची भोकं पानाच्या पाठीवर दिसतात. नीट बघितलं आणि खुणेचा अर्थ ठाऊक असला तर अप्पांच्या हातातली तेराच्या तेरा पानं शेजारी बसणाऱ्याला वाचता आली असती. मी अप्पांना हे बोलून दाखवलं. “तात्यांची नजर कशी आहे बघितलीय ना? ते खूण शिकतील आणि तुमचा हात वाचतील.” अप्पा हसले. “तात्या भांडंल, वरडंल, रुसंल. पर बघायचा न्हाय.” मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला कुठं दिसतंय?” तर म्हणाले, “म्हणून तर बघायचा न्हाय.” मी मात्र दळणाच्या निमित्तानं कितीतरी दिवस तात्यांवर पाळत ठेवली. ते कायम मान खाली घालून खेळायचे, जमिनीकडं बघत. मला वाटायचं, खडूसच आहे मेला म्हातारा.

पुढं अप्पा जे खेळले ते ऐकायला बेंबळीत बाजाराच्या दिवशी बाहेरगावची माणसं गिरणीपुढं थांबायची. एक डाव माझ्यासमोरचा. तीन दश्श्या अप्पांच्या जोडीकडं आलेल्या, चौथी चौकट दश्शी बाहेर. हुकूम संपलेले, चौकट एक्का पडलेला, हातात दोन-दोन पानं. उतारी अप्पांची. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “तात्या, दश्शी काढून ठेव.” तात्या गुरगुरले, “कुठली दश्शी?” “चौकटची. तुझ्या डाव्या अंगाला हाय ती. लगीन झालं न्हवतं तवापासनं तू चौकट डावीकडंच लावतोस.” आणि त्यांनी पान टाकलं, “चौकट राजा.” तोच तो, एका डोळ्याचा. तात्यांना रंग देणं भाग होतं. त्यांनी डावीकडचं पान उपसलं, आणि नियमाप्रमाणं मोठ्यानं बोलले, “चौकट दश्शी.” ओट्यावर जो कल्ला झाला तो देवळापर्यंत गेला असेल. मी पदर-बिदर विसरून टाळ्या पिटत होते. बावन्न पानांतलं कुठलं पडलं, कुठलं राहिलं, कोण कुठल्या बाजूला काय लावतो, हे सगळं त्या काळोखात या माणसानं कुठं मांडून ठेवलं होतं? मी देवळात हात जोडते ते सवयीनं. त्या दिवशी अप्पांना घरी नेताना मात्र मनातल्या मनात खरेच जोडले. तात्यांनी ओटा झाडला.

मुलांच्या कॉलेजसाठी आम्ही धाराशिवला आलो, तरी कॅट टोचायचं काम माझ्याकडंच राहिलं. गिरणीच्या पिठानं भोकं बुजायची, कडा मऊ पडायच्या, मग नवा कॅट. अप्पा थकले, कानानं जरा कमी ऐकू यायला लागलं, तसं ओट्यावर पानं जास्त मोठ्यानं बोलली जाऊ लागली. आता तिथं तरणी पोरं खेळतात, तीही पान टाकताना नाव बोलतात. त्यांना विचारलं का, तर म्हणतात, आमच्याकडं असंच खेळतात.

अप्पांचे दिवस उरकल्यावर गेल्या आठवड्यात मी बेंबळीलाच होते. आत्याबाईंच्या कुशीत रडून घेतलं, अप्पांची फळी आवरली. दुपार कलली तसे तात्या आणि इस्माईलचाचा आले. दोघंही ओसरीवर बसले, पाणी प्यायले, अप्पांच्या बाजेकडं बघितलं. मग तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरी, ती खूण काय हुती गं?” मला आधी प्रश्नच कळला नाही. “कुठली खूण, तात्या?” “पत्त्यावरची.” मी चाट पडले. म्हटलं, “तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं तुम्ही शेजारी बसत होता!” तात्या म्हणाले, “कळली असती तर दिसलं असतं. म्हणून कधी इचारलं न्हाय. त्याच्या पानाकडं बघायचंच सोडलं म्या. आता इचारतो. आता काय… आता चालंल.”

अप्पांना हे ठाऊक होतं. डोळे असून मला जे वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं, ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी फळीवरचा अप्पांचा शेवटचा कॅट आणला, मऊ पडलेला, कडांना पीठ बसलेला. तात्यांसमोर बसले आणि अप्पांनी मला शिकवलं तसं त्यांना शिकवलं. हा रंग, हा आकडा, हा जाड टोचा म्हणजे पाच, ही आडवी रेघ म्हणजे चित्र. तात्यांनी मान डोलावली. मग कॅटमधून एक पान पालथंच ओढलं, डोळे मिटले आणि ते पांढऱ्या मिशीखाली ओठाला लावलं. मला समोरून पाठीवरची भोकं दिसत होती. चौकट राजा. “काय बी लागंना गं,” तात्या म्हणाले. “नुसतं गुळगुळीत लागतंय. एवढ्यावर ह्यो माणूस…” मी हात पुढं केला, म्हटलं, “द्या तात्या, सांगते.” त्यांनी पान दिलं नाही. डोळे मिटूनच मान हलवली आणि पान पुन्हा ओठावर सरकवलं, हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

समोरून इस्माईलचाचा म्हणाले, “तात्या, पान बोल.”

“थांब रं,” तात्या म्हणाले. “बोलतो.”

आम्ही दोघं थांबलो.